दातांची ढाल डबीत का राहते?

आमच्या बेसिनच्या वरच्या फळीवर दोन डब्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. एक सासूबाईंच्या कवळीची आणि दुसरी माझ्या भाचीच्या माउथगार्डची. पाहुणे हात धुवायला गेले की हटकून विचारतात, "अगं, तुमच्याकडे दुसरी कवळी कुणाची?" मग घरात हशा पिकतो. पण मैत्रिणींनो, या दुसऱ्या डबीपायी गेल्या वर्षी मी रडलेही आहे. म्हणून आज तिच्याविषयीच लिहायला बसले.

भाची माझ्या थोरल्या बहिणीची. सांगलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून आमच्याकडे राहायला आली, ती कपड्यांच्या बॅगेबरोबर हॉकीची स्टिक घेऊनच. शाळेपासून खेळते. पहिल्याच वर्षी कॉलेजच्या संघात निवडली गेली. मला कौतुक होतेच, पण पोटात गोळाही होता. आपले मूल पडले-झडले तर आपण आपल्यालाच बोल लावतो. बहिणीने विश्वासाने ठेवलेल्या मुलीला काही झाले तर तोंड कुठे लपवायचे? हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूएवढाच, आणि लागायला दगडासारखा.

कॉलेजातून सगळ्या मुलींना एकेक माउथगार्ड मिळाले होते. वरच्या दातांवर बसवायचे रबरासारखे पन्हळ, बॉक्सर लोक घालतात तसे. सगळी एकाच मापाची. मी रोज संध्याकाळी विचारायची, "घालतेस ना गं?" ती म्हणायची, "हो मावशी." एकदा मोजे धुवायला काढताना ते बॅगेच्या तळाशी साबणाच्या डबीत सापडले, अगदी कोरेकरकरीत. मी रागावले, तिने मान डोलावली आणि गोष्ट तिथेच राहिली.

मग नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी तिच्या मैत्रिणीचा फोन आला, "मावशी, हिला लागलंय, पण तुम्ही घाबरू नका." असे म्हटल्यावर माणूस घाबरणार नाही तर काय करणार? सरावात कुणाच्या तरी स्टिकला लागून चेंडू उसळला आणि थेट तोंडावर आला. ओठाला दोन टाके पडले आणि वरचा समोरचा दात तिरका तुटला. आतली नस उघडी पडल्यामुळे रूट कॅनाल आणि वर कॅप, असा दीड महिन्याचा धंदा झाला. माउथगार्ड त्या वेळी मैदानाच्या कडेला बॅगेत होते.

ताईला फोन केला तेव्हा ती आधी रडली आणि मग म्हणाली, "अगं, समोरचाच दात! उद्या हिला स्थळं बघायची म्हटल्यावर..." मला तिचा रागच आला. पोरीला वेदना होताहेत आणि हिला स्थळांचे सुचते! पण आईचे मन कुठून कुठे धावते हे मलाही ठाऊक आहे, म्हणून गप्प बसले. तो सगळा राग मात्र भाचीवर निघाला. "दोनशे रुपयांची वस्तू तोंडात घालायला काय झालं होतं तुला? आता ती स्टिक माळ्यावर टाक!" ती सुजलेल्या ओठांनी एवढेच म्हणाली, "मावशी, तू एकदा घालून बघ ना ते."

ते वाक्य मला लागले. दुसऱ्याचे माउथगार्ड तोंडात घालू नये, म्हणून दुकानातून तसलेच एक नवे आणले आणि दुपारी कणीक मळताना घालून बसले. काय सांगू! दोन मिनिटांत तोंडात लाळ जमली. मागची टोके टाळूला टोचून उमासे येऊ लागले. ते मुळी दातांना धरतच नव्हते. पडू नये म्हणून सारखे दातांत दाबून ठेवावे लागे आणि जबडा भरून येई. तेवढ्यात इस्त्रीवाला आला. "किती झाले?" हे साधे दोन शब्द, पण त्याला ते तिसऱ्यांदा कळले. पंधरा मिनिटांचा नेम केला होता, सात मिनिटांत काढून ठेवले. ही पोर ते घालून तासभर पळणार, धापा टाकणार आणि "इकडे दे, इकडे दे" म्हणून ओरडणार कशी? मी इतके दिवस तिला निष्काळजी समजत होते. ती निष्काळजी नव्हती. तिला दिलेली वस्तूच वापरण्याजोगी नव्हती.

आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना हे सांगितले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सगळीकडे हीच रड आहे." बोलता येत नाही, श्वास कोंडतो, उमासे येतात, तोंड कोरडे पडते, ही कारणे कॉलेजातली मुले जगभर सांगतात. त्यातली बरीचशी ढिलेपणाची असतात. नीट बसणारे माउथगार्ड दातांना आपोआप धरून राहते आणि त्याने दम कमी पडत नाही, असे तपासण्यांत दिसले आहे.

त्यांच्याकडून कळले की याचे तीन प्रकार आहेत. एक तयार मिळणारे, जे आम्ही भोगले. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही, घेऊ नका. दुसरे गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचे. खेळाच्या दुकानात मिळते, किंमतही परवडते आणि नीट बसवले तर बरेच चालते. गंमत अशी की बहुतेक जण ते नीट बसवतच नाहीत. पाकिटावर लिहिले असेल तितकाच वेळ गरम पाण्यात ठेवायचे, क्षणभर गार पाण्यातून काढून वरच्या दातांवर मधोमध बसवायचे आणि हलकेच चावायचे. जोरात चावले की तळ पातळ होतो आणि मग उपयोग संपला. चावलेल्या स्थितीत आतली हवा आणि पाणी ओढून घ्यायचे, बाहेरून ओठांवर बोटांनी आणि आतून जिभेने दाबायचे, मग गार पाण्यात घट्ट होऊ द्यायचे. टोचते म्हणून मुले मागची टोके कात्रीने कापतात, तीही मोठी चूक. दाढांपर्यंत न पोचणारे गार्ड निसटते आणि निसटलेले घशात अडकण्याची भीती असते.

तिसरे डॉक्टरांनी मापाने केलेले. वरच्या दातांचे माप लगद्यात घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा करतात आणि प्लास्टिकची जाड चादर तापवून, हवा ओढून, त्या साच्यावर चापून बसवतात. ते प्लास्टिक म्हणजे इथिलीन व्हिनाइल असिटेट. बुटांच्या तळव्यात जे फेसाळ, हलके असते त्याच्याच जातीचे. आम्हाला अडीच हजार रुपये पडले. ह्यांनी आकडा ऐकून भुवया उंचावल्या. मी रूट कॅनाल आणि कॅपचे बिल शेजारी ठेवले, भुवया खाली आल्या. कॅप बसवून झाल्यावरच माप घ्या, असे मात्र डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. दाताचा आकार बदलला की जुने गार्ड बसत नाही. तारा लावलेल्या मुलामुलींनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही आणू नये.

ही वस्तू काही नवी नाही. लंडनचे दंतवैद्य वुल्फ क्राउझ १८९०च्या सुमारास बॉक्सरांच्या दातांवर गट्टापर्चाच्या पट्ट्या बसवत असत. १९४७मध्ये लॉस एंजल्सच्या रॉडनी लिलिक्विस्ट या दंतवैद्याने पारदर्शक ॲक्रिलिकचे, दातांवर बेमालूम बसणारे कवच केले, ते डिक पेरी या विद्यापीठाच्या फुटबॉलपटूसाठी, म्हणजे कॉलेजच्या पोरासाठीच. आता अमेरिकेतल्या कॉलेजांच्या सामन्यांत त्यांचे फुटबॉल, आइस हॉकी, लॅक्रॉस आणि मुलींची मैदानी हॉकी यांत माउथगार्ड सक्तीचे आहे. आंतरराष्ट्रीय हॉकीच्या नियमपुस्तकात मात्र नडगी, घोटा आणि तोंड यांच्या संरक्षणाची नुसती शिफारस आहे. शिफारशीवर आपली मुले किती चालतात, ते तुम्हांआम्हांला माहीतच आहे. कबड्डीत तर चढाई करणाऱ्याला "कबड्डी कबड्डी" स्पष्ट म्हणावे लागते; ढिले गार्ड घालून तो म्हणणार काय?

फायदा खरोखर होतो का, हा प्रश्न मीही विचारला. २००७मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा माउथगार्ड न घालणाऱ्यांत तोंडा-दातांच्या दुखापतीचा धोका सुमारे १.६ ते १.९ पट दिसला. २००२मध्ये अमेरिकन कॉलेजांतल्या बास्केटबॉलपटूंची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत मापाची गार्डे वापरणाऱ्यांच्या दातांना कमी इजा झाल्या. डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसण्याच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही. तेव्हा दुकानदार "याने डोकंही वाचतं" म्हणाला तर हसून सोडून द्या. दात वाचतात, एवढे पुरे.

नवे गार्ड आले तरी लढाई संपली नव्हती. पहिल्या दिवशी तोंडात काहीतरी परके वाटतेच. इथे मदतीला धावल्या सासूबाई. "माझी कवळी पहिले पंधरा दिवस मला सवतीसारखी वाटायची," त्या म्हणाल्या. "मी काय केलं, ती घालून रोज मोठ्यानं पेपर वाचला. जीभ शिकते आपोआप." मग काय, रोज रात्री भाची गार्ड घालून आजींना वर्तमानपत्र वाचून दाखवू लागली. आजींनी कवळी काढून डबीत ठेवलेली असायची. एकीचा "स" गार्डमुळे घसरायचा, दुसरीचा दातच नसल्यामुळे, आणि आजी तिचे उच्चार सुधारायच्या! ह्यांना हसून हसून ठसका लागायचा. पण आठवडाभरात शब्द सुटे यायला लागले.

दुसरी अडचण सरावाची. मुली म्हणतात, सामना असला की घालू. पण सामना महिन्यातून एखाद-दुसरा आणि सराव रोजचा. हिचा दात सरावातच गेला. आता नियम असा केला आहे की डबी नडगीच्या पॅडमध्येच खोचलेली असते. पॅड बांधायला घेतले की डबी हातात येतेच. आठवण करायचे मी सोडून दिले आहे. रोज विचारले की मुले खोटे बोलायला शिकतात, हा माझाच अनुभव.

अजूनही ती अधूनमधून गार्ड अर्धे बाहेर काढून चघळते. म्हणे बास्केटबॉलचा तो स्टीफन करी तसेच करतो. मी म्हटले, त्याला रोज नवे परवडत असेल. तुझे अडीच हजारांचे आहे. चघळून ते पातळ होते आणि कडा फाटतात. फाटले, सैल झाले की बदलायलाच हवे. खेळून आल्यावर गार पाण्याने धुवायचे, मऊ ब्रशने घासायचे, वाळवून भोकांच्या कडक डबीत ठेवायचे. रुमालात गुंडाळले की चुकून कचऱ्यात जाते. गरम पाणी आणि ऊन दोन्ही वर्ज्य, आकार बिघडतो, कवळीचेही तसेच. आणि मैत्रिणीचे "जरा पाच मिनिटं" घालणे अजिबात नको.

एक गोष्ट मात्र घरी मुले असणाऱ्या प्रत्येकीने लक्षात ठेवावी, कारण ती मला माहीत नव्हती. दात तुटण्याऐवजी मुळासकट बाहेर आला आणि तो पक्का दात असेल, तर टाकू नका. वरच्या पांढऱ्या बाजूने धरा, मुळाला हात लावू नका, घासू-पुसू तर मुळीच नका. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाइनमध्ये जरासा विसळून जागच्या जागी बसवा, स्वच्छ रुमालावर चावून धरायला सांगा आणि डॉक्टरकडे पळा. बसवता आला नाही तर थंड दुधात बुडवून न्या. अर्ध्या तासात पोचलात तर उत्तमच. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

गेल्या महिन्यात ताई आली होती. भाचीला हसताना निरखून पाहिले आणि म्हणाली, "कुठला दात गं तो?" तिला ओळखता आला नाही. मग तिने हळूच मला विचारले, "धाकटा तायक्वांदो शिकतोय, त्याला कुठलं आणू?" त्याचे दात अजून पडताहेत, येताहेत, तेव्हा त्याला मापाचे नको, पाण्यात मऊ करायचेच बरे, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले.

आणि भाचीच्या संघातल्या मुली? सगळ्यांना अडीच हजार कुठून जमणार! गेल्या रविवारी त्यातल्या पाच जणी आपापली पाकिटे घेऊन आमच्या स्वयंपाकघरात जमल्या. गॅसवर पाणी, ओट्यावर गार पाण्याचा वाडगा, हातात घड्याळ घेऊन भाची आणि खुर्चीवर बसून "हळू चावा गं!" म्हणणाऱ्या सासूबाई. दोघींची पहिल्या खेपेला बसली नाहीत, ती परत मऊ करून बसवली. दुपारी चहा ठेवताना पातेल्याला रबराचा वास आला, तेव्हापासून ते पातेले मी या कामासाठी वेगळे काढून ठेवले आहे.