चीनच्या पराभवांत आपला कापूस

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन: एक बाजाराचे, एक रेल्वेचे. भुसावळ, अकोला, बडनेरा, चांदूर असा मार्ग काढत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली, ती मुख्यतः कापसासाठी. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला होता आणि १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता. वऱ्हाडच्या मालाला तेव्हा लिव्हरपूलच्या बाजारात उमरावतीवरून ‘उमरा’ हे नाव पडले. कापूस विलायतेला गेला, कापड होऊन परत आला आणि शेतकरी नागवला, एवढी गोष्ट आपल्याला पाठ आहे. ती खरी असली तरी अर्धीच आहे. उमरा आखूड धाग्याचा. अमेरिकन कापूस पुन्हा सुरू होताच लँकेशायरची त्याच्यावरची मर्जी उतरली आणि हा माल मुंबईच्या गिरण्यांकडे, तिथून पूर्वेकडे वळला. त्या वाटेच्या टोकाला चीन होता. आजचा चीन ज्या शंभर वर्षांच्या आठवणींवर उभा आहे, त्या शंभर वर्षांत आपला माल, आपली जहाजे आणि आपली माणसे होती. हे ध्यानात घेतल्याशिवाय चीनची राष्ट्रभावना आपल्याला नीट कळणार नाही, आणि तिला नेमके उत्तरही देता येणार नाही.

चीनचा इतिहास म्हटला की इसवी सनपूर्व २२१ मध्ये देश एक करणारा छिन सम्राट, मग हान, थांग, मिंग ही घराण्यांची माळ डोळ्यांपुढे येते. पण ही माळ अखंड ‘चिनी’ नव्हती. युआन घराणे मंगोल होते आणि १६४४ पासून १९१२ पर्यंत राज्य केलेले छिंग घराणे मांचू होते. सामान्य चिनी शेतकऱ्याच्या लेखी राजा कोण यापेक्षा सारा किती, हा प्रश्न मोठा होता. आपण सारे मिळून एक राष्ट्र आहोत आणि त्या राष्ट्राचा अपमान झाला आहे, ही भावना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या प्रारंभी घडली. चीनमधल्या शाळांत १८३९ ते १९४९ हा काळ अपमानाचे शतक म्हणून शिकवला जातो. राजघराण्यांनी चीनला अभिमानाचा विषय दिला, पण आजची ओळख घडवली ती या शतकातल्या पराभवांनी.

त्यातला पहिला पराभव मुंबईच्या ओळखीचा आहे. इंग्रजांना चहा हवा होता आणि चीनला इंग्रजी माल फारसा नको होता. ही तूट आधी हिंदी कापसाने आणि पुढे मुख्यतः अफूने भरून काढली. बंगालची अफू कलकत्त्याहून जाई, माळव्याची १८३१ नंतर कर भरून मुंबईहून. सर जमशेटजी जिजीभाई यांचा जार्डिन मॅथेसन कंपनीशी असलेला अफूचा व्यापार सर्वश्रुत आहे. ज्या जे. जे. रुग्णालयात आजही वऱ्हाडातले रोगी जातात, त्याला देणगी देणाऱ्याच्या संपत्तीचा एक झरा कँटनच्या बंदरात होता. १८३९ साली आयुक्त लिन त्सशू यांनी वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून नष्ट केली आणि त्यावरून युद्ध पेटले. इंग्रजी फौजेत हिंदी शिपाई होते. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानजिंगचा तह झाला, हाँगकाँग गेले, पाच बंदरे उघडावी लागली. हा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर झाला, ती १८१३ साली मुंबईच्या गोदीत, वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बोमनजींच्या देखरेखीखाली, सागवानात बांधलेली होती. चीनच्या अपमानाच्या शतकातला पहिला करार मुंबईत घडलेल्या फळ्यांवर उभे राहून झाला.

अफूनंतर सुताची पाळी आली. वऱ्हाडसारख्या मुलखातल्या आखूड धाग्यातून मुंबईच्या गिरण्या दहा-वीस नंबरचे जाडे सूत काढत आणि ते चीनमधल्या हातमागांवर चढे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या निर्यात सुताचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक चीन होते. मग जपान मैदानात उतरला. १८९३ साली हिंदुस्थान सरकारने टांकसाळीत लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले, त्यामुळे चांदीवर चालणाऱ्या चीनशी आपला व्यापार जड झाला. त्याच वर्षी जमशेटजी टाटांनी एका जपानी कंपनीच्या साथीने मुंबई ते कोबे जहाजे सुरू केली. हिंदी कापूस थेट जपानी गिरण्यांत जाऊ लागला आणि जपानी सूत चीनमध्ये मुंबईच्या सुताला मागे सारू लागले. युद्धात हरलेल्या चीनकडून १८९५ च्या शिमोनोसेकी तहाने जपानने तैवान, वीस कोटी टेल चांदी आणि चिनी बंदरांत कारखाने काढण्याचा हक्क घेतला. त्या हक्काच्या जोरावर शांघायमध्ये ज्या जपानी गिरण्या उभ्या राहिल्या, त्यांच्या कच्च्या मालात हिंदी कापसाचा वाटा होता. मे १९२५ मध्ये अशाच एका गिरणीत कू चंगहोंग नावाचा कामगार गोळीला बळी पडला. ३० मे रोजी नानजिंग रस्त्यावर निषेधाला जमलेल्यांवर इंग्रज अधिकाऱ्याच्या हुकमाने पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि त्या पोलिसांत शीख शिपाईही होते. त्यानंतर चीनभर संप आणि बहिष्काराची लाट उठली. चिनी राष्ट्रवाद पुस्तकांतून कामगारांच्या वस्तीत उतरला, तो प्रामुख्याने या घटनेनंतर.

यावर कोणी म्हणेल, आपणच गुलाम होतो, चांदूरच्या कास्तकाराला शांघायचा जाब कसा विचारायचा? हे म्हणणे रास्त आहे. कास्तकाराने कापूस सावकाराचे देणे फेडायला विकला, शिपाई पोटासाठी फौजेत गेला. दोष वाटून द्यावा, असा माझा आग्रह नाही. पण दोष नसणे आणि संबंध नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साम्राज्य चालत होते तेच मुळी अशा रीतीने: एका जित देशाचा माल, शिपाई आणि सागवान वापरून दुसरा देश जिंकायचा. शिवाय हिंदी व्यापारी निव्वळ प्यादी नव्हते. त्यांनी नफा कमावला, पदव्या मिळवल्या. आपण फक्त सोसले, ही आपली आवडती कथा चीनच्या बाबतीत अपुरी पडते.

दुसरा आक्षेप डॉक्टर कोटणीसांचा. १९३८ साली काँग्रेसने जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथेच राहिले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. या त्यागाबद्दल अभिमान वाटायलाच हवा. पण आपण चीनशी असलेल्या साऱ्या नात्याची जागा या एका आठवणीला देऊन मोकळे होतो. कोटणीसांचे मोठेपण उलट तेव्हाच पुरते उमगते, जेव्हा त्यांच्याआधीची शंभर वर्षे समोर असतात. ज्या देशाकडे हिंदुस्थानातून अफूच्या पेट्या आणि पलटणी गेल्या होत्या, त्याच देशाकडे हिंदी लोकांनी स्वतःच्या मर्जीने औषधे आणि डॉक्टर पाठवले.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. १९६२ साली चीनने आपल्यावर हल्ला केला. मोझरीचे तुकडोजी महाराज तेव्हा जवानांना धीर द्यायला सीमेवर गेले होते, ते या भागात कोणी विसरलेले नाही. मग चीनच्या दुःखाची उजळणी आपण का करावी? बीजिंगचे राज्यकर्ते तर ते दुःख हत्यारासारखे वापरतात. ते वापरतात, यात शंका नाही. १९९० च्या दशकात तिथे देशभक्तीच्या शिक्षणाची मोहीम सुरू झाली. २०१२ साली शी जिनपिंग यांनी राष्ट्राच्या पुनरुत्थानाचे स्वप्न मांडले, तेही याच अपमानाच्या शतकावर भरलेल्या प्रदर्शनाच्या वेळी. पण म्हणूनच तो इतिहास आपल्याला नीट ठाऊक हवा. त्यात एक मोठी विसंगती आहे. चीन स्वतःला साम्राज्यशाहीचा बळी म्हणवतो आणि त्याच वेळी छिंग साम्राज्याच्या सीमांवर वारसाहक्क सांगतो. तिबेटवर छिंग सत्ता १७२० च्या सुमारास पोहोचली, शिनजियांग १७५० च्या दशकात मांचू फौजांनी जिंकला. म्हणजे जखम एका साम्राज्याने केलेली आणि दावा दुसऱ्या साम्राज्याने जिंकलेल्या मुलखावर. जखम खरी आहे, दाव्याचे समर्थन मात्र तिच्यातून निघत नाही.

हे उत्तर देण्याचा अधिकार त्यालाच पोहोचतो, जो ती जखम नाकारत नाही. नानजिंगचा तह, शिमोनोसेकी, शांघायचा गोळीबार ही नावे आपल्या विद्यार्थ्यांना अनोळखी असतील, तर चिनी राष्ट्रवाद त्यांना एक तर वेडेपणा वाटेल किंवा निव्वळ कावा. तो दोन्ही नाही. खऱ्या अपमानातून आलेली ती भावना आहे आणि सत्ताधाऱ्यांनी ती सोयीने वळवली आहे. वऱ्हाडच्या शाळा-कॉलेजांत कापसाचा इतिहास शिकवताना त्याची वाट लिव्हरपूलला न थांबवता शांघायपर्यंत न्यावी. तसे शिकलेला विद्यार्थी सीमेवरच्या आपल्या हक्कांबद्दल ठाम राहील आणि शेजाऱ्याच्या इतिहासाबद्दल प्रामाणिकही. अशा शेजाऱ्याशी वागताना दोन्ही गुण लागतात.