पैजेचा विस्तारलेला बाजार

नाशिकजवळील अंबडच्या औद्योगिक वसाहतींत दुसरी पाळी सुटते तेव्हां रात्र बरीच झालेली असते. टपरीवर चहासाठीं थांबलेल्या एखाद्या तरुण कामगाराच्या मोबाइलवर क्रिकेटचा सामना चाललेला असतो, आणि चारजण त्यावर माना वांकवून उभे असतात. हें दृश्य निरुपद्रवी आहे, व बहुतेक वेळां तें तसेंच असतें. परंतु त्याच चार बोटें रुंदीच्या पडद्यावर दुसरेंहि एक दुकान उघडतां येतें. तें दुकान ऑनलाइन बुकमेकरचें, म्हणजे इंटरनेटवरून पैजा घेणाऱ्या व्यापाऱ्याचें. त्यांत कोणता माल मांडलेला असतो, आणि तो इतका विपुल कां असतो, हें घरांतील वडील मंडळींनीं एकदां नीट समजून घेणें अवश्य आहे. “जुगार वाईट” एवढ्या उपदेशानें आतां भागत नाहीं. कारण ज्याला उपदेश करावयाचा तो त्याला जुगार म्हणतच नाहीं, खेळाची जाण म्हणतो.

प्रथम मालाची यादी पाहूं. क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, बॅडमिंटन, कबड्डी व बास्केटबॉल हे खेळ तर असतातच; त्यांशिवाय टेबलटेनिस, स्नूकर, बाण फेकण्याचा डार्ट्सचा खेळ, घोड्यांच्या व ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती, संगणकावर खेळले जाणारे सामने, कित्येक ठिकाणीं परदेशांतील निवडणुका आणि चित्रपटांचीं पारितोषिकें देखील. परंतु खेळांच्या संख्येनें खरी कल्पना येत नाहीं. या व्यवहारांत ‘बाजार’ हा शब्द एका विशिष्ट अर्थानें वापरतात: ज्या एका प्रश्नावर पैजा घेतल्या जातात तो एक प्रश्न म्हणजे एक बाजार. सामना कोण जिंकेल हा एक बाजार; नाणेफेक कोण जिंकेल हा दुसरा; पहिल्या सहा षटकांत किती धावा होतील, पुढचा गडी झेलबाद होईल कीं त्रिफळाचीत, सर्वाधिक धावा कोणाच्या, पुढच्या चेंडूवर काय घडेल, हे प्रत्येकीं निराळे बाजार. अशा रीतीनें एकाच सामन्यावर शेंकडों बाजार उभे राहतात.

फुटबॉलमध्यें तर अडीच गोलांचा बाजार असतो. अर्धा गोल कसा होतो असा प्रश्न कोणीहि भोळेपणानें विचारील. अर्धा गोल होत नाहीं, म्हणूनच तो आंकडा निवडलेला असतो. दोन्ही संघांचे मिळून तीन गोल झाले तर ‘अधिक’वाला जिंकला, दोन झाले तर ‘कमी’वाला जिंकला, मधली जागा उरत नाहीं आणि कोणाचे पैसे परत करण्याची वेळ येत नाहीं. आपल्याकडील चोरट्या सट्ट्यांत हेंच काम ‘सेशन’ या नांवानें चालतें. ठराविक षटकांत इतक्या धावा होतील कीं नाहीं, यावर ‘हो’ किंवा ‘ना’. संघाच्या बाजूनें पैसे लावणें ती ‘लगाई’ व त्याच्या विरुद्ध घेणें ती ‘खाई’. आणि बुकी “पंचेचाळीस पैसे” म्हणाला तर शंभर लावणाराला जिंकल्यास पंचेचाळीस नफा. परदेशी दुकानांत तोच भाव १.४५ असा लिहितात, कारण तेथें मूळ रुपया धरून आंकडा सांगण्याची रीत आहे. भाषा बदलली, हिशेब तोच.

महाराष्ट्राला हा हिशेब नवा नाहीं. मुंबईचें महालक्ष्मीचें घोड्यांच्या शर्यतींचें मैदान १८८३ सालीं सुरू झालें. पुण्यांतील शर्यती त्याहूनहि जुन्या. शर्यतीच्या मैदानावर पैजेचे दोन मार्ग रूढ आहेत. एक, बुकीनें फळ्यावर लिहिलेला भाव घेणें. दुसरा, ‘टोट’च्या खिडकीवर तिकीट काढणें. टोटची पद्धति १८६७ च्या सुमारास पॅरिसमध्यें जोसेफ ओलर यानें काढली. तींत सर्वांचे पैसे एके ठिकाणीं गोळा होतात, त्यांतून ठरलेले टक्के कापले जातात, आणि उरलेली रक्कम जिंकणारांत वांटली जाते. येथें कापणी उघड असते. बुकीच्या भावांत ती भावाच्याच पोटांत असते, म्हणून ती दिसत नाहीं.

घोडे नसले तरी मुंबईकराचें अडत नसे. एकोणिसाव्या शतकांत मुंबईंत पावसावर पैजा लागत. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यांत कापूस, अफू वगैरे मालाचा बाजारभाव, त्या भावांतील आंकडे, आणि पाऊस पडणें न पडणें, हे विषय नांवानिशीं आलेले दिसतात. तें कलम म्हणजे त्या काळच्या ‘बाजारां’ची यादीच होय. पुढें न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते व बंद होते भाव तारेनें मुंबईस येत, त्यांच्या आंकड्यांवर गिरणगांवांत पैसे लागूं लागले. १९६१ मध्यें ते भाव येणें थांबलें. कापूस गेला म्हणून सट्टा गेला काय? १९६२ सालीं कल्याणजी भगत याचा वरळी मटका निघाला, १९६४ सालीं रतन खत्री याचा; आंकडा पत्त्यांवरून काढूं लागले, ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे कापूसबाजारांतले शब्द मात्र तसेच राहिले. पैज लावणाराला कापसाशीं कर्तव्य नव्हतें. त्याला आंकडा पाहिजे होता, व तो लवकर पाहिजे होता.

आजच्या दुकानाची घाई हीच आहे. २०२० च्या वसंतांत साथीमुळें जगांतील बहुतेक सामने बंद पडले, त्या वेळीं बेलारूस देशांतील फुटबॉल चालू राहिला होता. ज्यांनीं त्या संघांचीं नांवें कधीं ऐकलीं नव्हतीं, असे लोक त्यांवर पैजा लावूं लागले. जेथें खरे सामनेच नसतील तेथें संगणकानें घडविलेल्या आभासी शर्यती दर कांहीं मिनिटांनीं धांवतात. त्यांत घोडा नाहीं, स्वार नाहीं. मटक्याचेंच तें रंगीत रूप.

आतां श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल घेतली तर हिशेब पांच मिनिटांचा आहे. नाणेफेक घेऊं. छाप वा कांटा, दोहोंची शक्यता सारखी; तेव्हां न्याय्य भाव २, म्हणजे शंभर लावले तर मुदलासह दोनशें परत. दुकानांत मात्र दोन्ही बाजूंना १.९० हा भाव दिसेल. एकानें छापावर शंभर लावले, दुसऱ्यानें कांट्यावर शंभर. दुकानदाराकडे दोनशें आले, जिंकणाराला एकशें नव्वद गेले, दहा राहिले. नाणें कसेंहि पडो, दहा राहतातच. दोनशांत दहा, म्हणजे शेंकडा पांच. ही झाली दुकानाची कापणी.

कोणत्याहि बाजाराची कापणी अशीच काढतां येते. प्रत्येक भावानें शंभरास भागावें आणि येणाऱ्या संख्यांची बेरीज करावी. समजा, फुटबॉलच्या एका सामन्यांत यजमानांचा विजय २.१०, बरोबरी ३.३०, पाहुण्यांचा विजय ३.४० असे भाव आहेत. भागाकार ४७.६, ३०.३ व २९.४, बेरीज १०७.३. न्याय्य भावांची बेरीज बरोबर शंभर आली असती. वरचे सात म्हणजे दुकानाचा वाढावा. जेथें पर्याय पुष्कळ, तेथें हा वाढावाहि पुष्कळ, आणि तो कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. दहा सारख्या संघांपैकीं स्पर्धा कोण जिंकेल याला प्रत्येकीं ८ हा भाव पाहून मनुष्य खूष होतो, शंभराचे आठशें! पण दहांवर शंभर-शंभर लावले तर हजार देऊन आठशें मिळतात.

चार निकाल एकत्र गुंफून एकच पैज लावण्याची सोय असते. तिला फार मोठा भाव दाखवितात. १.९० च्या चार नाणेफेकी गुंफल्या तर भाव सुमारें १३ होतो. चारहि बरोबर येण्याची शक्यता सोळांत एक. न्याय्य भाव १६ हवा. एकेरी पैजेंत शेंकडा पांच कापले जात होते, ते येथें साडेअठरा झाले, कारण कापणीवर कापणी बसत गेली. अल्प पैशांत लखपति होण्याची जाहिरात याच पैजेची असते, हें आश्चर्य नव्हे.

मोठ्या सामन्याच्या मुख्य निकालावर कापणी पुष्कळदां कमीच असते. तें गिऱ्हाइकाला आंत आणण्याचें दार आहे. खरा प्रश्न वारंवारतेचा आहे. अंबडचा एक कामगार कल्पावा. तो आयपीएलच्या प्रत्येक सामन्यावर शंभर रुपयांची एकच पैज लावतो. २०२५ च्या हंगामांत ७४ सामने होते. शेंकडा पांचाच्या कापणीनें त्याचें सरासरी नुकसान ३७० रुपये. करमणुकीचा खर्च म्हणून तो कोणी सोडूनहि देईल. आतां तोच कामगार प्रत्येक षटकाला शंभर लावूं लागला. एका सामन्याचीं चाळीस षटकें, म्हणजे चार हजारांची उलाढाल. त्यावर दोनशें गेले. चौऱ्याहत्तर सामन्यांचे १४,८०० झाले. भाव तोच, माणूस तोच, पैजेची रक्कमहि तीच. बाजार मात्र एकाचे चाळीस झाले. कोणाला सरासरीहून अधिक मिळेल, कोणाचें याच्या कितीतरी पट जाईल. आणि गेलेलें भरून काढण्यासाठीं शंभराचे पांचशें करण्याचा मोह तर हिशेबांत धरलाच नाहीं. बाजारांची विपुलता ही गिऱ्हाइकाची सोय म्हणून सांगितली जाते. ती कापणीच्या वेळा वाढविण्याची युक्ति आहे.

यावर सुशिक्षित तरुण म्हणेल कीं, नाणेफेक निराळी आणि क्रिकेट निराळें; येथें अभ्यास चालतो. हें सर्वस्वीं खोटें नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि १९९६ मध्यें घोड्यांच्या शर्यतींत कौशल्य प्रधान असल्याचें मानलें. परंतु अभ्यासानें कापणीवर मात केली पाहिजे, नुसत्या दुसऱ्या गिऱ्हाइकावर नव्हे. घरच्या पडद्यावरील चित्र मैदानापेक्षां कांहीं सेकंद मागें असतें, आणि दुकानाकडे मैदानावरील माहिती त्याआधीं पोहोंचते. इतक्याउपर जो सातत्यानें जिंकतो, त्याच्या पैजेची मर्यादा उतरविण्याची चाल या धंद्यांत सर्रास आहे. हरणाराला अशी मर्यादा क्वचितच घालतात.

बारीकसारीक बाजारांनीं खेळाचेंहि नुकसान होतें. अकरा जणांना फितवून सामना हरविणें अवघड. एका गोलंदाजाकडून ठराविक वेळीं नोबॉल टाकविणें सोपें. २०१० च्या लॉर्ड्स कसोटींत तेंच घडलें आणि पाकिस्तानच्या तीन खेळाडूंना २०११ मध्यें इंग्लंडांत तुरुंगवास झाला. दूरच्या, अनोळखी सामन्यांवर पैसे लागतात याचा परिणाम गुजरातेंत २०२२ मध्यें विनोदी रूपानें दिसला. मेहसाणा जिल्ह्यांतील मोलीपूर गांवीं एका शेतांत खेळपट्टी व दिवे उभारून शेतमजुरांना संघांचे रंगीत सदरे घातले, प्रत्येक सामन्याचे चारशें रुपये मजुरी ठरविली, आणि ही ‘लीग’ रशियांतील पैज लावणारांना दाखविली. पंच खुणेप्रमाणें निर्णय देत. पोलिस येईपर्यंत स्पर्धा उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोंचली होती!

कायद्याची बाजू थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमानें पैजेचा करार निरर्थक ठरतो. जिंकलेली रक्कम दुकानानें बुडविली तर न्यायालयांत वसूल करतां येत नाहीं. १९५७ सालीं, त्या काळीं लोकप्रिय असलेल्या बक्षिसी शब्दकोड्यांच्या खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयानें जुगाराला व्यापाराचें संरक्षण नाकारलें. म्हणून हीं दुकानें परवान्यासाठीं कुरासाओसारखीं दूरचीं बेटें गांठतात. संसदेनें केलेल्या ऑनलाइन खेळांविषयींच्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळाली. पैसे लावून खेळावयाचा ऑनलाइन खेळ चालविणाराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही. जाहिरात करणाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद त्यांत आहे. पैशांची देवघेव करून देणारेहि त्यांत आले. नुसत्या खेळणाराला त्या कायद्यानें शिक्षा सांगितलेली नाहीं.

पैशांची देवघेव हा शब्द घरोघर लक्षांत ठेवण्याजोगा आहे. चोरट्या दुकानांना गिऱ्हाइकांचे पैसे घेण्यासाठीं दुसऱ्यांच्या नांवांचीं बँकखातीं लागतात, आणि तीं थोड्या भाड्यानें तरुणांकडून घेतलीं जातात. ज्यानें एक रुपयाचीहि पैज लावली नाहीं, असा मुलगाहि अशा रीतीनें गुन्ह्यांत सांपडतो, व त्याचें पगाराचें खातें गोठविलें जातें. घरांत अशी शंका आली तर पासबुक किंवा खात्याचा उतारा मागून पाहावा. अनोळखी नांवांवरून आलेल्या व तत्काळ पुढें गेलेल्या रकमा त्यांत दिसतील. तशा दिसल्यास बँकेला लेखी कळवावें आणि सायबर गुन्ह्यांसाठीं असलेल्या १९३० या दूरध्वनि क्रमांकावर तक्रार नोंदवावी. सवय सुटत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा विनामूल्य मिळते. तेथें मराठींतहि बोलतां येतें.