पावसाच्या नोंदींचं बिऱ्हाड

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अशा घटनेनंतर पहिला प्रश्न येतो तो असा, की आधीच्या दिवसांत तिथे पाऊस किती पडला होता? उत्तर नोंदींमध्येच सापडतं. बरेचसे प्रयोग पुन्हा करून बघता येतात. होऊन गेलेल्या जुलैचा पाऊस मात्र पुन्हा मोजता येत नाही. म्हणूनच कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या पावसाच्या नोंदी ज्या सर्व्हरवर ठेवलेल्या आहेत तो जुना झाला, तेव्हा आम्हाला काळजी यंत्राची नव्हती, आतल्या चार डिस्कची होती. जुना सर्व्हर कर्जतला, नवा खोपोलीला. डिस्क त्याच ठेवायच्या होत्या.

डिस्क काढून दुसऱ्या यंत्रात बसवायच्या, यात अवघड ते काय? ते समजण्यासाठी या चार डिस्क मिळून काम कशा करतात ते बघू.

अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून एक भरवशाची साठवण करता येईल, ही कल्पना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कली विद्यापीठातल्या तिघांनी १९८८ साली मांडली. तिला ‘रेड’ म्हणतात. तिच्या एका प्रकारात माहितीचे तुकडे तीन डिस्कवर पसरतात आणि चौथ्या डिस्कवर त्या तिघांचा ‘ताळा’ लिहिला जातो. समजा तीन तुकडे १, ०, १ आहेत. नियम असा, की चौघांत मिळून एकांची संख्या सम हवी. इथे ती आधीच दोन आहे, म्हणून ताळा ०. आता तिसरी डिस्क बंद पडली. उरले १, ०, ०. एक विषम वेळा आला, म्हणजे हरवलेला तुकडा १ असणार! वर्गात चार मुलांच्या हातात आकडे देऊन आणि एकाला बाहेर पाठवून हे करून बघा. दोघं बाहेर गेले तर काय होतं, हेही मुलांनाच विचारा.

प्रत्यक्षात ताळा एकाच डिस्कवर राहत नाही, आळीपाळीने चारही डिस्कवर फिरतो. म्हणजे वहीची पानं चार दप्तरांत वाटली आहेत आणि प्रत्येक दप्तरात मधून मधून ताळ्याची पानं आहेत. वही पुन्हा लावायची तर पहिलं दप्तर कोणतं आणि एकेका तुकड्यात किती मजकूर, हे माहीत हवं.

ही माहिती कुठे असते? इथेच खरी मेख आहे. काही सर्व्हरमध्ये डिस्क सांभाळायला वेगळं कार्ड असतं आणि मांडणी त्याच्या स्वतःच्या पद्धतीने लिहिलेली असते. दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला ती वाचता येईलच असं नाही. लिनक्समधल्या ‘एमडी’ पद्धतीत मात्र प्रत्येक डिस्कवरच एक छोटी नोंद असते: हा संच कोणता, त्यात माझा क्रमांक कितवा, तुकडा केवढा. त्यामुळे नव्या यंत्रात डिस्क कोणत्याही खणात बसवल्या तरी चालतं. आमचा संच या दुसऱ्या प्रकारचा होता. तरीही प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक आणि खण आम्ही कागदावर लिहून घेतला. कागदाला वीज लागत नाही.

सर्वांत आधी सगळ्या नोंदींची वेगळ्या डिस्कवर प्रत काढली. ‘रेड’ आहे म्हणजे प्रत आहेच, असा समज फार पसरलेला आहे आणि तो चूक आहे. फाइल चुकून पुसली तर ती साऱ्या संचातून इमानेइतबारे पुसली जाते. मग प्रत्येक फाइलचा ‘एसएचए-२५६’ ठसा काढला. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी हा ठसा पार बदलतो. चारही डिस्क पूर्ण वाचून ताळे जुळतात का तेही आधीच पाहिलं. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने वाचली तर साडेसात तास लागतात. एक डिस्क गेल्यावर पुनर्बांधणी करताना उरलेल्या डिस्कवर एवढाच ताण येतो आणि एखादी दुबळी डिस्क नेमकी तेव्हाच मान टाकते. मग सर्व्हर रीतसर बंद केला. मजकूर लिहिला गेला आणि ताळा लिहायच्या आत वीज गेली, तर दोघांत मेळ राहत नाही.

दिवस पावसाळ्याचे. वातानुकूलित खोलीतून काढलेली डिस्क जुलैच्या दमट हवेत आणली तर गार पाण्याच्या पेल्याला सुटतो तसा तिला घाम सुटतो. म्हणून डिस्क खोलीतच पिशव्यांत हवाबंद केल्या आणि खोपोलीला पोचल्यावर बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत उघडल्या नाहीत. रस्त्यावरच्या खड्ड्यांसाठी फोम होताच.

नव्या यंत्रावर एक मोह टाळायचा असतो. ‘डिस्क नवीन दिसतात, तयार करू का?’ असं यंत्र विचारतं तेव्हा ‘नाही’ म्हणायचं. ‘एमडी’मध्ये ‘असेंबल’ म्हणजे असलेला संच जुळवणं आणि ‘क्रिएट’ म्हणजे नवा संच घडवणं. क्रिएट करताना क्रम चुकला तर यंत्र ताळा नव्याने मांडायला बसतं आणि खऱ्या नोंदींवरच लिहीत सुटतं. आम्ही संच जुळवला तो फक्त वाचण्यापुरता, लिहिण्याची परवानगी न देता. ठसे पुन्हा काढून जुन्या यादीशी ताडले. सगळे जुळल्यावरच लिहिणं सुरू केलं. वेगळी काढलेली प्रत कर्जतलाच ठेवली आहे.