मादागास्करचे अरण्य

आफ्रिका खंडाच्या पूर्वेस, हिंदी महासागरात मादागास्कर नावाचे एक विशाल बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५,८७,००० चौरस किलोमीटर असून जगातील बेटांत त्याचा चौथा क्रमांक लागतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी हा भूभाग आफ्रिका व भारत या दोहोंशी जोडलेला होता. प्रथम आफ्रिका दुरावली. पुढे, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, भारताचा भूभागही अलग होऊन उत्तरेकडे सरकू लागला. तेव्हापासून हे बेट एकाकी राहिले, आणि या एकांतवासामुळेच तेथे अन्यत्र न आढळणारी जीवसृष्टी विकसित झाली.

अंतानानारिव्हो ही या देशाची राजधानी. डोंगरउतारांवर वसलेल्या या नगराच्या आसमंतात भाताची हिरवी खाचरे पसरलेली दिसतात, कारण भात हेच येथील लोकांचे मुख्य अन्न होय. त्यांचे काही पूर्वज आफ्रिकेतून आले, तर काही हजारो किलोमीटरचा सागर ओलांडून बोर्निओकडून आले. म्हणूनच त्यांच्या मालागासी भाषेचे नाते आग्नेय आशियातील भाषांशी जुळते.

राजधानीच्या पूर्वेस अंदासिबेचे दमट अरण्य आहे. सकाळच्या धुक्यात तेथे अकस्मात एक दीर्घ, करुण सूर उमटतो आणि दूरच्या टेकडीवरून त्यास साद मिळते. हा आवाज इंद्रीचा. इंद्री हा काळ्यापांढऱ्या रंगाचा, आखूड शेपटीचा लेमूर होय. लेमूर हे माकडांचे दूरचे आप्त. या बेटावर त्यांच्या शंभराहून अधिक जाती आहेत. बंदिवासात इंद्री जगत नाही. त्याला पाहावयाचे असेल, तर त्याच्या घरीच जावे लागते.

येथील जीव परस्परांशी किती निगडित आहेत, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. येथील एका पांढऱ्या ऑर्किडच्या फुलात सुमारे ३० सेंटीमीटर लांबीची नळी असते व तिच्या तळाशी मध असतो. तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग तेथे असलाच पाहिजे, असे चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने १८६२ साली लिहिले. डार्विन १८८२ साली निवर्तला. परंतु १९०३ साली तशा पतंगाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्या पतंगावाचून फूल निष्फळ!

परंतु ही वनश्री आज संकटात आहे. गरीब शेतकरी भातासाठी रान तोडून जाळतो. काही वर्षे पीक येते. पुढे पावसाने माती वाहून जाते, नद्या तांबड्या होतात आणि शेतकऱ्यास पुन्हा नवे रान तोडावे लागते. त्याला दोष देणे सोपे आहे. पण घरातील मुलांच्या मुखी घास घालण्यासाठीच तो कुऱ्हाड उचलतो.

इंद्रीला तेथील लोक ‘बाबाकोतो’ म्हणतात. झाडावरून पडणाऱ्या एका मुलाला इंद्रीने झेलून वाचविले, अशी त्यांची एक लोककथा आहे. त्यामुळे त्याला मारणे अनेक गावांत निषिद्ध मानले गेले. मात्र हा निर्बंध आता सर्वत्र पाळला जात नाही. तरीही अंदासिबेत आशेला जागा आहे. तेथील काही ग्रामस्थ प्रवाशांचे वाटाडे होऊन चरितार्थ चालवितात. तोडलेले रान काही वर्षेच भात देते. राखलेले रान मात्र त्यांना वर्षानुवर्षे अन्न देऊ शकते.