वळवणचे महसीर बीज केंद्र

लोणावळ्याजवळ वळवण धरणाच्या परिसरात टाटा पॉवर कंपनीचे महसीर मत्स्यबीज केंद्र आहे. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी घाटमाथ्यावर तलाव बांधले गेले. वीज तयार झाली, पण नद्यांतले मासे धरणाच्या भिंतींमागे अडकले. त्या पाण्यातल्या दख्खनी महसीरचे प्रजनन माणसाच्या देखरेखीखाली करण्याचा प्रयोग 1970च्या दशकाच्या सुरुवातीला येथे उभा राहिला. राज्याच्या मत्स्य खात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी एस. एन. ओगले ही त्यातली मुख्य नावे. वीज कंपनीने मासे वाढवण्यात इतकी वर्षे घालवावीत, हे आपल्याकडे विरळाच.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून दख्खनी महसीर या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. टॉर खुद्री हे तिचे आजचे शास्त्रीय नाव. मोठे खवले, जाड ओठ, निळसर झाक असलेले पर आणि प्रवाहाविरुद्ध पोहण्याची जबर ताकद, ही तिची ओळख. पाणी गार, वाहते आणि तळाशी गोटे-वाळू असलेले हवे. पावसाळ्यात नदीला पूर आला की प्रौढ मासे वरच्या अंगाला चढतात आणि उथळ, खडकाळ पाण्यात अंडी घालतात. धरणाने ही वाट बंद होते. वाळूउपसा अंडी घालण्याची जागा नेतो. जिलेटिन लावून किंवा ब्लीचिंग पावडर टाकून केलेली मासेमारी तर डोहातले लहानथोर एकदमच संपवते.

वाळण कोंडीसारख्या जागांवर मासा टिकला तो देवामुळे. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या या डोहात वरदायिनी देवीचे मासे म्हणून महसीर कोणी मारत नाही. भाविक कुरमुरे टाकतात आणि मासे पृष्ठभागावर गर्दी करतात. पण अशा डोहाला सरहद्द असते. डोहाबाहेर पडलेल्या माशाला देवीचे संरक्षण नाही.

वळवणची पद्धत कटला-रोहू या कार्प माशांच्या पद्धतीपेक्षा वेगळ्या अडचणींवर बेतलेली आहे. डॉ. हिरालाल चौधरी यांनी 1957 साली ओडिशातल्या अंगुल येथे कार्प माशांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावले आणि देशातल्या मत्स्यशेतीचा पाया घातला गेला. कार्पची मादी लाखोंनी अंडी देते. महसीरची मादी त्या मानाने फारच थोडी देते; अंडी मोठी, पिवळसर आणि जड, तळाशी बसणारी. एक अंडे वाया जाणे येथे जास्त महागात पडते.

पावसाळ्यात पक्व नर-मादी जाळ्यात धरतात. मादीच्या पोटावरून अंगठा आणि बोटे हलकेच मागे सरकवली की अंडी कोरड्या भांड्यात उतरतात. त्यावर नराचे वीर्य घेऊन पक्ष्याच्या पिसाने ढवळतात. पाणी घालायचे ते मागाहून. पिसाऐवजी हात वापरला तर अंड्याला इजा होते. फलित अंडी जाळीच्या तळाच्या तबकात एका थरात पसरून त्यावरून सतत वाहते पाणी सोडतात. पांढरे पडलेले, मेलेले अंडे दिसताच उचलून काढावे लागते, नाहीतर त्यावरची बुरशी शेजारच्या अंड्यांवर चढते. पिल्ले बाहेर पडायला अडीच ते तीन दिवस लागतात. त्यानंतरही ती अनेक दिवस पोटाखालच्या पीतक पिशवीवर जगत तळाशी कोपऱ्यात दाटीने पडून राहतात. त्या काळात पाणी गढूळ झाले किंवा प्रवाह थांबला तर अख्खी तुकडी हातची जाते.

कुलकर्णी-ओगले यांनी 1979 साली नोंदवलेली एक युक्ती विशेष आहे. फलित अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने दूरवर पाठवली तरी ती जिवंत राहतात. पाण्याचे पिंप, प्राणवायूची नळी, हिंदकळणे, सारे टळले. वळवणचा महसीर देशातल्या इतर राज्यांत पोहोचला त्यामागे अशा साध्या उपायांचा हात आहे.

याच वाटपातून केंद्राच्या इतिहासातला अवघड भाग सुरू होतो. कावेरी खोऱ्यात पाठीवर कुबड असलेला प्रचंड महसीर राहतो; काबिनी नदीत 1946 साली 120 पौंडांचा मासा गळाला लागल्याची नोंद आहे. कावेरीत दख्खनी महसीरचे बीज सोडले गेले. हेतू चांगलाच होता. पण संशोधक एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी 2015 साली गळ टाकणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निळ्या पराचा पाहुणा वाढत गेला आणि कुबडाचा मूळ रहिवासी दुर्मीळ होत गेला, असे दिसले. तोवर या मूळ माशाला पक्के शास्त्रीय नावही नव्हते. टॉर रेमादेवी हीच ती जात, हे 2018 साली सिद्ध झाले आणि त्याच वर्षी ती अतिसंकटग्रस्त ठरली.

दुसरीकडे आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत संकटग्रस्त असलेला दख्खनी महसीर कमी चिंतेच्या वर्गात आला. 2020 साली ही बातमी आली, तेव्हा वळवणचे नाव सर्वत्र झाले. श्रेय रास्त आहे. पण ते केवळ संख्येचे नव्हे. कोणता मासा कुठल्या नदीत सोडायचा, हा प्रश्न बीज तयार करण्याइतकाच महत्त्वाचा असतो, हे कावेरीने दाखवले.

केवळ बीज तयार करणे पुरत नाही, हे खाडीतल्या माशांनाही लागू पडते. जिताड्याचे प्रजनन चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संस्थेने 1997 साली साधले. त्याचे बीज आज तलावात वाढवता येते. पण खाडीच्या मुखाशी अंडी घालून पिल्ले खाजणात चढण्याची जुनी वाट बंधाऱ्यांनी अडवली, तर हॅचरीने ती उघडत नाही.

कोणता मासा कुठे सोडायचा, हा हिशेब बालाघाटाच्या माथ्यावरच्या मांजरसुंब्यासारख्या ठिकाणाहूनही दूरचा नाही. तिथून बीडकडे उतरणारे पाणी बिंदुसरेतून सिंदफणेला आणि दक्षिणेचे मांजरेला मिळते. शेवटी दोन्ही गोदावरीत. लोणावळ्याची नदी मात्र भीमेमार्गे कृष्णेची. तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एखाद्या तलावात महसीरची बोटुकली सोडण्याचा विचार झाला, तर ती गोदावरी खोऱ्यातल्याच मूळ माशांपासून काढलेली असावी, आणि त्या पाण्यात आधीपासून कोणते मासे आहेत याची नोंद पहिली व्हावी.