माथा छाटलेली लहर

मिरवणूक संपत आली की डीजेवाल्याचा हात नॉबवर जातोच. ॲम्प्लिफायरचा लाल दिवा पेटून राहतो. त्याकडे बघतो कोण? ॲम्प्लिफायरला आपल्या वीजपुरवठ्याच्या व्होल्टेजपलीकडे जाता येत नाही. त्याहून जास्त मागितलं, की सिग्नलच्या लहरीचे माथे सपाट छाटले जातात. हेच क्लिपिंग.

सपाट माथ्यामुळे सबवूफरला डीसी मिळतो आणि तो जळतो, असं दुकानदार छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. मारते ती उष्णता. गोलाईदार लहर पुरती चौकोनी झाली, तर तेवढ्याच कमाल व्होल्टेजला सरासरी शक्ती दुप्पट होते. १०० वॉटचा ॲम्प २०० च्या आसपास ओतू लागतो. त्यातला जेमतेम काही टक्के भाग आवाज होतो, बाकी सगळा व्हॉइस कॉइल तापवतो. गोंद मऊ पडतो, तांब्याच्या तारेवरचं इनॅमल करपतं, सुटलेली वेटोळी चुंबकाच्या फटीत घासतात. आधी खरखर, मग जळका वास.

५०० वॉट पेलणारा सबवूफर मात्र हे २०० वॉट सहज पचवतो. तिथे आवाज तेवढा फाटतो. शंका आली तर मल्टिमीटर लावा: चार ओहमच्या कॉइलला साधारण तीन-साडेतीन ओहम दिसतात. काहीच दिसलं नाही, तर तार तुटली.