काचेच्या पेटीतला आडोसा

अमेरिकेच्या आग्नेय भागात, फ्लॉरिडा, जॉर्जिया, कॅरोलायना या पट्ट्यात कॉर्न स्नेक भरपूर आहेत. तरी तिथे आयुष्य काढलेल्यांनाही ते क्वचितच दिसतात. पाइनच्या सुटलेल्या सालीखाली, कुजक्या ओंडक्यात, उंदरांच्या बिळात, पडक्या गोठ्याच्या पत्र्याआड दिवस काढायचा आणि अंधार पडला की शिकारीला निघायचं, असा या सापाचा शिरस्ता. नारिंगी अंगावर काळ्या कडांचे तांबडे डाग, पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी. विष नाही, उंदराला विळखा घालून मारतो. आपल्या धामणीच्या कुळातला, पण तिच्याहून लहान आणि पुष्कळ शांत. म्हणूनच जगभरात हौसेने पाळल्या जाणाऱ्या सापांत त्याचा नंबर फार वरचा.

मराठी वस्ती मोठी असलेल्या न्यू जर्सीत त्याच्या रानातल्या मुलखाची उत्तरेकडची हद्द येते. तिथल्या पाइन बॅरन्समध्ये तो इतका विरळ झालाय, की राज्याने त्याला संकटग्रस्त ठरवलंय. तिकडच्या घराघरांतल्या मुलांनी साप पाळायचा हट्ट धरलाच, तर आधी राज्याचे नियम बघावेत. इकडे भारतात तर रानातला साप पकडून घरी ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हाच आहे.

पाळणाऱ्याची पहिली चूक बहुतेक वेळा पैसे मोजतानाच होते. काचेची मोठी पेटी, आत दिवा, एक फांदी, पाण्याचं भांडं. सगळं बघणाऱ्याच्या सोयीचं. सापाच्या बाजूने पाहिलं तर चारी बाजूंनी उघडा माळ. ससाणा, रॅकून, दुसरा साप, यांपैकी कोण कधी झडप घालेल याचा धाक त्याच्या अंगातच भिनलेला असतो. पिंजऱ्यात जन्मलेलं पिल्लूही तो घेऊनच अंड्यातून बाहेर येतं. मग ते काचेला नाक घासत येरझाऱ्या घालतं, शेपटी थरथरवतं, खाणं सोडतं. मालक म्हणतो, साप आजारी पडला. पुष्कळदा त्याला फक्त लपायला जागा हवी असते.

जागा एक नव्हे, निदान दोन. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. साप अंगात ऊब तयार करत नाही, बाहेरून घेतो. म्हणून पेटीचं एक टोक २९ ते ३१ अंश सेल्सियसपर्यंत गरम आणि दुसरं २२ ते २५ अंशांवर ठेवतात. गिळलेला उंदीर पचवायचा असला की तो गरम टोकाला सरकतो, अंग तापलं की थंड टोकाला. आडोसा एकाच टोकाला असेल, तर त्याला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एकच निवडावं लागतं आणि भेदरलेला साप बहुधा सुरक्षितता निवडतो. आडोसा थंड टोकाला असेल तर तो तिथेच बसून राहतो, अन्न नीट पचत नाही, कधी उलटून पडतं. गरम टोकाला असेल तर तापतो, अंगातलं पाणी कमी होतं. म्हणून दोन्ही टोकांना सारखाच आडोसा हवा.

आता आकार. दुकानात कवटीच्या नाहीतर किल्ल्याच्या आकाराच्या ऐसपैस गुहा मिळतात. त्या सापासाठी नसून गिऱ्हाइकासाठी असतात, असं माझं स्पष्ट मत आहे. वेटोळं घातल्यावर पाठ आणि कुशी भिंतींना टेकल्या पाहिजेत. तो स्पर्श झाला की साप निवांत होतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम वीतभर ते फूटभर, पूर्ण वाढलेला साप तीन ते पाच फूट. म्हणजे आडोसाही वाढत्या अंगाबरोबर बदलायचा. कॉर्कची साल, पालथी मातीची कुंडी, भोक पाडलेला प्लास्टिकचा डबा, पुठ्ठ्याची नळी, काहीही चालतं. भोकाची कड मात्र घासून गुळगुळीत करा. जड दगड भुशावर ठेवू नका, थेट तळावर टेकवा; हा साप खाली उकरत शिरतो आणि दगड अंगावर खचतो.

तिसरा आडोसा ओला. डोळे निळसर धुरकट झाले की कात टाकायची वेळ जवळ आली असं समजावं. झाकणाच्या डब्यात ओलं स्फॅग्नम मॉस भरून ठेवलं, तर कात अखंड उतरते. हवा कोरडी असेल तर तुकडे पडतात, शेपटीच्या टोकाला आणि डोळ्यांवर जुनी कातडी चिकटून राहते. मॉस चिंब नको, पिळून काढलेलं हवं, नाहीतर बुरशी धरते.

इतकं सगळं केलं तर साप दिसणारच नाही, ही तक्रार ठरलेली. अनुभव मात्र उलटा येतो: पळून शिरायला जवळ जागा आहे हे कळलेला साप संध्याकाळी अधिक धीटपणे बाहेर येतो. फक्त आडोसा उचलून त्याला ओढून काढण्याची सवय लावून घेऊ नका, आणि खाल्ल्यावर दोन दिवस हातही लावू नका.

पेटीचं झाकण सैल राहून साप निसटला तरी हीच समज कामी येते. खोलीच्या मधोमध शोधत बसू नका. भिंतीच्या कडेने जा. फ्रिजच्या मागे, सोफ्याच्या अस्तरात, पुस्तकांच्या मागच्या फटीत, जिथे ऊब आहे आणि अंग दाबून बसता येतं, तिथे बॅटरी मारा. रात्री घर सामसूम झाल्यावर पुन्हा एक फेरी घाला.